नाव ठेवणारे आणि नावे ठेवणारे

मृग नक्षत्र जवळ आले की किहीमच्या वाड्यांमधून एक पक्षी ओरडू लागतो. नारळी-पोफळीच्या दाटीत तो सहसा दृष्टीस पडत नाही. त्याचा आवाज मात्र टप्प्याटप्प्याने चढत जातो, टिपेला पोहोचून तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चांदण्या रात्रीही त्याला विसावा नसतो. मराठी शेतकऱ्याने या आवाजात ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ हे शब्द ऐकले आणि पक्ष्याचे नाव ठेवले पावशा. हिंदुस्थानात चाकरीसाठी आलेल्या इंग्रजाने तोच आवाज ऐकला. उकाड्याने जीव नकोसा झालेल्या, तापाच्या धास्तीने ग्रासलेल्या त्या साहेबाच्या कानांना त्यात ‘ब्रेन फीव्हर’ हे शब्द ऐकू आले आणि ‘ब्रेनफीव्हर बर्ड’ हे नाव इंग्रजी पुस्तकांत जाऊन बसले.

पक्षी एक, आवाज एक आणि नावे दोन. एका नावात पेरणीची हाक आहे, तर दुसऱ्यात डोक्यात गेलेला ताप. यात साहेबाचा काही अपराध नाही. त्याने आपल्या कानांनी ऐकले आणि आपल्या भाषेत नाव ठेवले. प्रत्येक जिवंत समाज अनोळखी गोष्टीच्या बाबतीत हेच करतो. प्रश्न आहे तो मराठी माणसाचा. आज शनिवार-रविवारच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून किहीमला आलेल्या कुटुंबातील मुलाने हा आवाज ऐकून ‘हा कोण?’ असे विचारले, तर वडील खिशातून मोबाईल काढतात आणि इंग्रजी नाव वाचून दाखवतात. मुलाचे समाधान होते. शेजारच्या वाडीत झापे सोलत बसलेल्या आजोबांना विचारावे, असे दोघांच्याही मनात येत नाही.

ही साधी वाटणारी गोष्ट साधी नाही. नवी किंवा अपरिचित वस्तू समोर आली की तिच्यासाठी प्रथम इंग्रजी शब्दच ओठांवर यावा, ही सवय आता सुशिक्षित मराठी घरांच्या हाडीमांसी खिळली आहे. इंग्रजी ही ज्ञानाची भाषा असल्यामुळे असे होते, हे त्याचे नेहमीचे समर्थन. परंतु नाव ठेवणे ही क्रिया ज्ञानाच्या आधी घडत नाही. वस्तू पाहावी लागते, तिचा आवाज, रंग, उपयोग, स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो, परिचित वस्तूंशी ताडून पाहावे लागते. तेव्हा कोठे नाव सुचते. आयते नाव उचलणारा या सर्व कष्टांतून सुटतो आणि त्याबरोबर पाहण्यातूनही सुटतो.

शनिवार तेली ते किहीमकर

अपरिचिताला नाव कसे द्यावे, याचा वस्तुपाठ किहीमच्या परिसरात शतकानुशतके घडत आला आहे. किहीमला लागूनच नवगाव आहे. बेने इस्रायल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्यू समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत याच किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून वाचलेली सात जोडपी येथे वस्तीला राहिली. त्यांचा देश कोणता, धर्मग्रंथ कोणता, हे इथल्या कोळ्या-आगऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. हे लोक तेलाचा घाणा चालवतात आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात. झाले, नाव ठरले: शनिवार तेली.

या नावात उपहास नाही की दुरावा नाही. ज्यू धर्मातील शब्बाथ या पवित्र विश्रामदिनाची कल्पना ज्याला कोणी समजावून दिलेली नव्हती, त्या कोकणी गावकऱ्याने केवळ निरीक्षणाने त्या धर्माचे सर्वांत ठळक लक्षण नेमके पकडले आणि ते आपल्या भाषेतील दोन शब्दांत बसवले. पुढे या समाजाने गावांच्या नावांवरून आडनावे घेतली. त्यांतच एक आडनाव किहीमकर. बेने इस्रायलांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर हे याच समाजाचे. त्यांचा ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. भारतीय फुलपाखरांवरील ज्यांचा ग्रंथ अभ्यासकांच्या हाती असतो ते आयझॅक किहीमकर हेही त्याच आडनावाचे. जगाच्या अनेक भागांत ज्यांना छळ सोसावा लागला, तो समाज इथे गावाचे नाव लावून नांदला. त्या नांदण्याचा आरंभ एका नावातून झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. परक्याला आपल्या भाषेत नाव मिळते तेव्हा तो परका राहत नाही.

झाडांच्या बाबतीतही हेच झाले. किहीमच्या पुळणीला ज्या झाडांची सावली आहे, ती सुरूची झाडे मुळात या भूमीची नव्हेत. ब्रिटिश राजवटीत ती किनाऱ्यावर लावली गेली. इंग्रजीत त्यांना ‘कॅशुरिना’ म्हणतात. तो शब्द आला कॅसोवरी या पक्ष्याच्या नावावरून, कारण झाडाच्या लोंबत्या पर्णकाड्या या पक्ष्याच्या पिसांसारख्या दिसल्या. मराठी माणसाने कॅसोवरी पाहिला नव्हता. त्याला बागेतला उंच, निमुळता सुरू ठाऊक होता. हा शब्दही मूळचा फारसी सर्व, पण मराठीत मुरून गेलेला. नव्या झाडाची ठेवण त्याच्या जवळची वाटली आणि तेच नाव त्याला लागले. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञाने जे केले, तेच किनाऱ्यावरच्या माणसाने केले. दोघांनीही अनोळखी झाड आपल्या ओळखीच्या वस्तूशेजारी ठेवून पाहिले. एकाचे नाव शास्त्रीय आणि दुसऱ्याचे गावंढळ, असे मानण्याचे कारण मग काय?

सुगरण आणि तिचा नवरा

किहीमचे नाव जगाच्या पक्षिशास्त्रात नोंदले गेले ते एका अगदी घरगुती पक्ष्यामुळे. डॉ. सालिम अली जर्मनीत एर्विन स्ट्रेसमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिक्षण घेऊन परतले होते. मुंबईत नोकरी नव्हती. तेव्हा ते किहीमला येऊन राहिले. १९३० च्या पावसाळ्यात तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांच्या दृष्टीस पडली आणि पावसाचे ते महिने त्यांनी त्या घरट्यांसमोर चिकाटीने बसून काढले. त्यांचे निष्कर्ष १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या कीर्तीचा पाया घातला गेला.

त्यांनी पाहिले ते असे. विणकाम करतो तो नर. घरटे अर्धे झाले की माद्या येऊन ते तपासतात. पसंत पडले तर एक मादी त्यात बिऱ्हाड करते, नर ते पुरे करतो आणि मग दुसरे घरटे विणावयास घेतो. तेथे दुसरी मादी येते. नापसंत पडलेली घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात.

आता या पक्ष्याच्या नावांकडे पाहावे. शास्त्रीय नाव आहे ‘प्लोसियस फिलिपिनस’. त्यातील ‘फिलिपिनस’ हा भाग लिनियसने १७६६ साली दिला, कारण पक्षी फिलिपाईन्स बेटांतला आहे अशी त्याची समजूत झाली होती. वास्तविक हा पक्षी त्या बेटांचा रहिवासी नाही. हिंदुस्थानात कधीही न आलेल्या विद्वानाने ऐकीव माहितीवर ठेवलेले चुकीचे नाव नियमानुसार आजही चालू आहे. इंग्रजीत त्याला ‘बया वीव्हर’ म्हणतात. त्यातला ‘बया’ हा हिंदी शब्द इंग्रजांनी जसाच्या तसा उचलला आणि त्याला आपला विणकर जोडला. मराठीत तो सुगरण. बहिणाबाई चौधरी यांच्यामुळे त्या सुगरणीचा खोपा मराठी घराघरांत पोहोचला आहे.

प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की मराठी नावही अर्धेच खरे आहे. घर सुबक आहे हे पाहणाऱ्याने ते गृहिणीचेच कसब असणार असे गृहीत धरले. किहीमला झालेल्या अभ्यासाने त्या सुगरणीच्या नवऱ्याला त्याचे श्रेय मिळवून दिले. पण म्हणून सुगरण हा शब्द टाकून द्यावा असे कोणाला वाटणार नाही. उलट मराठी शाळेतील शिक्षक मुलांना जेव्हा सांगतो की ‘सुगरण म्हणतात तिला, पण विणतो तो’, तेव्हा एका वाक्यात नाव, निरीक्षण आणि शोध ही तिन्ही मुलांच्या हाती येतात. ‘बया वीव्हर’ म्हणून पाठ केलेल्या मुलाला हा आनंद नाही. त्याच्या शब्दात दुरुस्त करावे असे काही नाही, कारण त्या शब्दात त्याने काही पाहिलेलेच नाही.

हीच गोष्ट फुलपाखरांची. किहीमच्या झाडीत फुलपाखरे पुष्कळ. त्यांच्या इंग्रजी नावांची यादी वाचली तर एखाद्या छावणीची हजेरी घेतल्यासारखे वाटते: कमांडर, सार्जंट, लस्कर, बॅरन, बॅरोनेट, नवाब, राजा. ब्रिटिश काळात फुलपाखरे जमवण्याचा छंद असणाऱ्यांत लष्करी अधिकारी आणि मुलकी अंमलदार बरेच होते. त्यांनी आपल्या भोवतीचे जग फुलपाखरांत पाहिले. काळ्या मखमली पंखांवर निळ्या छटा मिरवणाऱ्या मोठ्या फुलपाखराला त्यांनी ‘ब्लू मॉर्मन’ म्हटले. मॉर्मन हा अमेरिकेतील एक धर्मपंथ. २०१५ साली महाराष्ट्राने हेच फुलपाखरू राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. असा निर्णय घेणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. निर्णय अभिनंदनीय होता. परंतु राज्याच्या मानचिन्हाची ओळख एका अमेरिकन पंथाच्या नावाने करून द्यावी लागत होती. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांच्या मराठी नावांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा ते नीलवंत झाले. नाव ऐकताच डोळ्यांसमोर निळाई यावी, असा हा शब्द. असे शब्द घडू शकतात, हे त्याने सिद्ध केले. ते आधी का घडले नाहीत, याचे उत्तर मराठी समाजाने स्वतःला द्यावयाचे आहे.

रायगडावरचा धडा

शब्द घडवणे हे राज्य घडवण्याइतके महत्त्वाचे काम आहे, हे या जिल्ह्याला ज्या गडाचे नाव आहे त्या गडावर एका द्रष्ट्या राजाने ओळखले होते. १६७४ साली रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. राज्य नवे होते, पण दरबाराची भाषा फारसी शब्दांनी गच्च भरलेली होती. महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. दहा वर्गांत मांडलेल्या या कोशात सुमारे १३८० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, सरनौबताचा सेनापती. आज मंत्रालयात मंत्री आणि सचिव बसतात, तेव्हा ते शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वी पुन्हा राज्यकारभारात आणले गेले होते, याची आठवण फार थोड्यांना असते.

त्याच इतिहासाची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. त्याच वेळी पेशव्याला मुख्य प्रधान हा शब्द दिला गेला होता. तरीही पेशवा हा शब्द लोकांच्या तोंडून गेला नाही. पुढे तर एका अखंड कालखंडाला त्याचे नाव पडले. राजाज्ञेने शब्द जन्माला येतो, पण तो जगतो लोकांच्या जिभेवर. भाषेसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात, १९२४ ते १९३७ या वर्षांत, भाषाशुद्धीचा जो विचार मांडला त्याची गणना आजही टिंगलीखाली होते. टिंगल करणारे दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा, दिग्दर्शक, चित्रपट, मुख्याध्यापक हे शब्द दररोज वापरतात आणि ते कोठून आले याचा त्यांना पत्ता नसतो. सावरकरांचा नियमही पुरता वाचला जात नाही. आपला चांगला शब्द असताना परका शब्द घेऊन त्याला मारू नये, नव्या कल्पनेसाठी शक्य तेथे आपला शब्द घडवावा, आणि जी वस्तूच परकी आहे व जिला नाव नव्हते तिचे नाव खुशाल ठेवावे, असा तो समंजस नियम आहे. बूट, कोट यांसारख्या शब्दांवर त्यांचा राग नव्हता.

सामान्य मराठी माणसाने तर कोणताही नियम न वाचता हेच केले होते. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. बैल नाही, घोडा नाही आणि गाडी धावते, हे ज्याने प्रथम पाहिले त्याने तिच्या पोटातली आग पाहिली आणि आगगाडी हा शब्द जन्मला. समुद्रावर तीच आग शिडावाचून नाव ओढू लागली, तेव्हा आगबोट झाली. त्यातला बोट हा शब्द इंग्रजीच, पण मराठीने त्याला आपल्या घरचे नाव जोडून घेतले. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज आले तेव्हाही मराठी भाषा गडबडली नाही. बटाटा, पाव, काजू, चावी, पगार, घमेले हे त्यांचे शब्द तिने घेतले, त्यांना आपली विभक्ती लावली, आपल्या स्वयंपाकघरात आणि गवंड्याच्या हाती दिले. आज बटाट्याची भाजी खाताना कोणाला पोर्तुगालची आठवण होत नाही.

अन्न पचवणे आणि अन्नाखाली दबून जाणे यांत जो फरक आहे, तोच शब्द घेणे आणि शब्दांना शरण जाणे यांत आहे. त्या वेळची मराठी दुसऱ्यांचे घेत होती ती भरल्या घरातून. आज हाताशी पुळण असताना ‘बीच’, वाडी असताना ‘फार्म’ आणि समुद्रकाठचे घर असताना ‘सी-फेसिंग व्हिला’ आला आहे. किनारपट्टीच्या रस्त्यांवरील पाट्या वाचत गेल्यास ही गावे मराठी आहेत याचा पुरावा गावांच्या नावांपुरताच उरतो.

इशारा समजला पाहिजे

शब्दांचा हा विचार पंडितांचा विरंगुळा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी २०२० साल आठवावे. त्या वर्षी मार्चमध्ये करोनाच्या साथीने देशाला गाठले. आजार नवा, भीती नवी आणि शब्दही नवे. लॉकडाऊन, क्वारंटाईन, कंटेनमेंट झोन, होम आयसोलेशन हे शब्द एका आठवड्यात खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. ज्याच्या घरावर कागद चिकटवला गेला, त्या वृद्धाला त्या कागदावरचा शब्द कळत नव्हता. तो नुसताच घाबरत होता. यथावकाश वृत्तपत्रांनी टाळेबंदी हा कामगारांच्या लढ्यातला जुना शब्द नव्या अर्थाने पुढे आणला. अलगीकरण आणि विलगीकरण हे दोन शब्द आले. शब्द कळले तशी माणसे नियम समजून घेऊ लागली.

मात्र त्याच काळात एक गंभीर चूकही झाली. ‘सोशल डिस्टन्सिंग’चे शब्दशः भाषांतर ‘सामाजिक अंतर’ असे करून ते सरकारी फलकांपासून ध्वनिक्षेपकांपर्यंत सर्वत्र फिरवले गेले. ज्या समाजाने अस्पृश्यतेच्या रूपाने सामाजिक अंतराचे पाप शतकानुशतके वाहिले, ते पुसण्यासाठी महात्मा फुले, डॉ. आंबेडकर, सावरकर अशांनी आयुष्य वेचले, त्याच समाजाला ‘सामाजिक अंतर पाळा’ असे सांगितले जात होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच तो इंग्रजी शब्द बदलून शरीराने दूर राहण्याचा शब्द पुढे केला होता. इंग्रजीला आपली चूक उमगली, पण तिच्यामागे डोळे मिटून चालणारे भाषांतर चुकीलाच धरून राहिले. ‘हात-दोन हात लांब उभे राहा’ हे वाक्य कोणत्याही मराठी आजीला एका क्षणात समजले असते. डोळे मिटून केलेले भाषांतर हाही इंग्रजीला शरण जाण्याचाच एक प्रकार आहे. त्याचे अक्षर तेवढे देवनागरी असते.

त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगडच्या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आदल्या दिवसापासून दूरचित्रवाणीवर ‘लँडफॉल’, ‘स्टॉर्म सर्ज’, ‘रेड अलर्ट’ हे शब्द घुमत होते. हवामान खात्याने रायगडसह या किनाऱ्याच्या सखल भागांत नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर अधिक उंच पाणी येण्याचा इशारा दिला होता. हा शास्त्राचा मोठा विजय होता. पूर्वीच्या पिढ्यांना असा पूर्वसंदेश कधी मिळत नव्हता. पण इशाऱ्याचे मोल तो कळण्यात असते.

कोळ्याजवळ समुद्राची भाषा नाही असे थोडेच आहे? उधाण, भांग, भरती, ओहोटी, सुकती हे त्याचे रोजचे शब्द. वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती, म्हणजे समुद्राला उधाण येण्याचे दिवस जवळ आले होते, हे त्याला पंचांग न उघडता माहीत होते. ‘दुपारी वादळ किनाऱ्याला लागेल, उधाणाच्या पाण्यावर आणखी एक-दोन मीटर पाणी चढेल’ असे सांगितले की कोणती होडी कोठवर ओढावी, कोणत्या घरातील माणसे हलवावीत, हे तो शास्त्रज्ञाहून अधिक अचूक सांगू शकतो. ‘स्टॉर्म सर्ज’ म्हटले की तोच अनुभवी माणूस अडाणी ठरतो आणि दूरचित्रवाणीपुढे गप्प बसतो. शास्त्रज्ञाचे ज्ञान आणि कोळ्याचे ज्ञान यांच्यामधला पूल शब्दांचाच असतो. तो बांधला नाही तर दोन्ही काठ समृद्ध असूनही माणसे बुडतात.

त्या वादळाचे नावही विचार करण्यासारखे आहे. ‘निसर्ग’ हे नाव सुचवले होते बांगलादेशाने. संस्कृतातून आलेला शब्द ढाक्याहून फिरून अलिबागला आला आणि येथे तो कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. या उपखंडातील भाषांच्या मुळाशी केवढी समाईक ठेव आहे, आणि नवे शब्द घडवताना ती किती उपयोगी पडू शकते, हे त्या एका नावावरून ध्यानात यावे.

काम घराघरांतले

हे काम सरकारने करावे, असे म्हणून मोकळे होण्याची सवय सोडली पाहिजे. सरकारी खात्यांनी परिभाषा कोश तयार केले, त्यांतील अनेक शब्द उत्तम आहेत. संगणक रुजला, संकेतस्थळ लेखनात तरी आले. भ्रमणध्वनी मात्र शासकीय पत्राबाहेर पडू शकला नाही, कारण तो उच्चारायला अवघड आणि त्याच्या आधीच मोबाईल घराघरांत पोहोचलेला. यात हट्ट धरण्याचे कारण नाही. जेथे परका शब्द मुरला आहे तेथे तो राहू द्यावा. पण रोज नव्याने येणाऱ्या शेकडो गोष्टींच्या बाबतीत पहिल्या दिवशीच मराठी शब्द शोधण्याची घाई करावी, कारण शब्दांच्या शर्यतीत पहिला येणाराच बहुधा टिकतो.

जुने शब्द गोळा करण्याचे कामही तितकेच तातडीचे आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीत रानोमाळ हिंडताना आदिवासी, पारधी, मासेमार यांच्या तोंडून पशुपक्ष्यांची आणि झाडांची नावे टिपून घेतली आणि ती मराठीच्या कोशात आणून ठेवली. जेथे शब्द नव्हता तेथे त्यांनी घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार हे शब्द त्यांनीच रूढ केले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यासारखा मनुष्य एकट्याने हे करू शकला, तर गावोगावच्या शाखा, शाळा, वाचनालये आणि महिला मंडळे मिळून काय होणार नाही?

किहीम, थळ, नवगावच्या कोळीवाड्यांत आज सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत. वाऱ्यांची, माशांची, जाळ्यांची, पाण्याच्या रंगांची किती नावे त्यांच्या जिभेवर असतील! रायगडच्या डोंगरातील कातकरी आणि ठाकर यांच्याजवळ रानभाज्यांचा आणि औषधी वनस्पतींचा शब्दकोश आहे. त्याचे एक पानही छापलेले नसेल. त्यांच्याकडे वही घेऊन बसावे, नम्रपणे विचारावे आणि लिहून घ्यावे. ज्यांना आजवर अशिक्षित म्हटले गेले, त्यांच्यापुढे शिकलेल्यांनी विद्यार्थी म्हणून बसणे, ही सामाजिक समरसतेची शिकवण भाषणांपेक्षा अधिक खोल जाईल.

आणि घरात आईवडिलांनी एक छोटा नियम पाळावा. मुलाने ‘हे काय?’ असे विचारले तर त्याला लगेच इंग्रजी नाव देऊ नये. ‘तुला काय दिसते? कशासारखे वाटते? तू काय नाव ठेवशील?’ असे उलट विचारावे. मुलाने ठेवलेले नाव कोशात जाणार नाही कदाचित, पण नाव ठेवण्यासाठी त्याने ती वस्तू जितकी निरखून पाहिली असेल तितकी इंग्रजी नाव ऐकून त्याने कधीच पाहिली नसती. मोठेपणी त्याने इंग्रजीत कितीही शिक्षण घेतले तरी ते डोळे त्याला पुरतील. डॉ. सालिम अली यांनी आपला शोधनिबंध इंग्रजीतच लिहिला, पण त्यातले प्रत्येक वाक्य आधी किहीमच्या पावसात पाहिलेले होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सर्वत्र आनंद झाला. तो दर्जा मराठीच्या प्राचीनतेला मिळालेला आहे. तिचा पुढचा काळ त्या दर्जाने सुरक्षित होत नाही. जी भाषा नव्या वस्तूंना नावे देत नाही, ती हळूहळू जुन्या वस्तूंची भाषा होते. सणावाराला, आरतीला आणि भांडणाला पुरते, पण उद्याच्या जगाला अपुरी पडते. मराठी समाजात नव्या मराठी शब्दांना नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. ‘किती बोजड’, ‘किती हास्यास्पद’ असे म्हणावयास कष्ट पडत नाहीत. उणीव आहे ती नव्या वस्तूंना नाव ठेवणाऱ्यांची.

पुढच्या ज्येष्ठात किहीमच्या वाडीत पावशा पुन्हा ओरडेल. त्या वेळी ओसरीवर बसलेल्या मुलाच्या कानी ‘पेर्ते व्हा’ पडावे की ‘ब्रेन फीव्हर’, हे त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांनी आजच ठरवावयाचे आहे.